मशीनवर बसण्याआधी

मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून. हरळी तेवढी वाट बघत नाही. मेअखेरीस वळवाची एखादी सर पडली की उन्हाने करपून पडलेल्या मैदानावर चार दिवसांत हिरवी लव दिसायला लागते, आणि जून सरता सरता तीच हरळी घोट्याला लागते. जुलैत तर सोमवारी कापलेलं गवत शनिवारी बघावं तर कधी कापलंच नव्हतं असं वाटतं. त्या दिवसांत आमच्या आवारात सकाळी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आज मशीन निघणार का?

मशीन म्हणजे गवत कापायची, वर बसून चालवायची मशीन. आमचे कामगार तिला ‘बसायची मशीन’ म्हणतात, म्हणजे ढकलायच्या मशीनशी घोटाळा होत नाही. पुढे इंजिन, मागे सीट, पोटाखाली पत्र्याचा पसरट डबा. त्या डब्याला डेक म्हणायचं. डेकच्या आत आडवी फिरणारी दोन किंवा तीन पाती. मुंबईकरांच्या बघण्यात हे वाहन फारसं येत नाही. जिथे घरापुढे चप्पल काढायला जागा नाही तिथे लॉन कुठून असणार? पण शहरात गवताच्या मोठ्या जागा आहेत. एकटं ओव्हल मैदान बावीस एकरांचं आहे. महालक्ष्मीचं रेसकोर्स आहे, ताडदेव आणि चेंबूरची गोल्फची मैदानं आहेत, मरीन ड्राइव्हचे जिमखाने आहेत, कुलाब्यापासून पवईपर्यंत शिक्षणसंस्थांची आणि संशोधनसंस्थांची आवारं आहेत. उपनगरातल्या अशाच एका आवारात मी उद्यान विभागाचं काम पाहते. माळ्यांची कामं वाटून देते, आणि ही मशीन स्वतःही चालवते.

हे लिहायचं कारण असं, की अलीकडे मोठ्या सोसायट्या, शाळा, लग्नाची लॉन चालवणारी मंडळी अशा मशीन विकत घ्यायला लागली आहेत. विक्रेत्याचा माणूस येतो, अर्ध्या तासात सगळं दाखवतो: हा चोक, ही रेस, हे ब्लेड टाकायचं बटण. स्कूटर चालवता येणारा कुणीही दुपारपर्यंत ती चालवायला लागतो. ती चालवायला सोपी आहे हे खरंच आहे, आणि मला काळजी वाटते ती त्यामुळेच. विळ्याने गवत कापणारा माणूस उकिडवा बसून पुढे सरकतो. त्याचे डोळे जमिनीपासून हातभर अंतरावर असतात. दगड लागला तर विळ्याची मूठच त्याला सांगते. मशीनवर बसलेल्याला त्या जमिनीतलं काही कळत नाही. चाकांखाली काय आलं ते समजत नाही, डेकखाली काय आहे ते दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात मागून कोण येतंय ते ऐकू येत नाही. ही सगळी माहिती त्याने मशीनवर बसण्याआधी गोळा करायची असते. गवत नीट कापणं आणि कुणाला इजा न होता कापणं, या दोन्हींतलं निम्म्याहून जास्त काम इंजिन बंद असताना होतं, असं माझं ठाम मत आहे.

गवत कापायची मशीन कापडाच्या धंद्यातून आली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. माझं बालपण लालबाग-परळचं. आसपास सगळी गिरणीत राबलेली माणसं. इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावाच्या आसपास लोकरी कापडाचे कारखाने होते. कापड विणून झालं की त्यावरची उभी राहिलेली लव एका फिरत्या पात्यांच्या रुळाने कातरून सारखी करायचे. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने तो रूळ बघून गवत कापायचं यंत्र केलं आणि १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. आधी ती माणसांनी ढकलली. पुढे मोठी यंत्रं घोड्यांना जुंपली, तेव्हा लॉनवर खूर उमटू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालायचे. आपल्याकडे क्लबांच्या मैदानांवर तेच काम बैलांनी केलं. १९०२ साली इंग्लंडमधल्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारी मशीन विकायला काढली.

बडिंगचा रूळ अजून आहे. चांगल्या क्रिकेट मैदानाचं आउटफिल्ड आजही रुळाच्याच मशीनने कापतात, कारण त्यात गवताचं पातं दोन धारांमध्ये स्वच्छ कातरलं जातं. आमची बसायची मशीन त्या जातीची नाही. तिचं ब्लेड कातरत नाही, आडवं फिरून फटक्याने तोडतं. असं तोडायचं तर वेग लागतो, आणि तो किती लागतो हे प्रत्येक चालवणाऱ्याला ठाऊक असायला हवं. अमेरिकी मानकाप्रमाणे ब्लेडच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपलीकडे जाता कामा नये, आणि बहुतेक मशीन त्या मर्यादेच्या जवळपासच चालतात. हिशेब केला तर ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास येतो. स्टेशन न घेता जाणारी फास्ट लोकल फलाटावरचे कागद उडवत जाते, तेव्हा ती ताशी शंभरच्या आतबाहेर असते. तिच्या तिपटीहून जास्त वेगाने लोखंडी पट्टीचं टोक फिरतंय, आणि त्या टोकापुढे एक खिळा आला, असं मनाशी धरावं.

तो खिळा येऊ नये म्हणून मैदान पायी फिरायचं. आमच्याकडे मशीन शेडमधून निघण्याआधी दोन माणसं मैदान पालथं घालतात. एकमेकांपासून पाच-सहा पावलांवर, एका रेषेत, हातात काठी आणि खताची रिकामी गोण. ही पद्धत तात्यांची. तात्या वेंगुर्ल्याकडचे, आमच्या विभागातले सगळ्यात जुने माळी. आता निवृत्त होऊन गावी असतात. मशीन मी त्यांच्याकडून शिकले, आणि शिकवणीचे सुरुवातीचे दिवस त्यांनी मला सीटवर बसू दिलं नाही, नुसतं फिरवलं. ते म्हणायचे, ‘‘मॅडम, गवत कापूक कोणाकय येता. काय कापूचा नाय, ता कळाक व्हया.’’

मुंबईत हे फिरणं जितकं गरजेचं आहे तितकं क्वचितच दुसरीकडे असेल. इथे मोकळी जागा इतकी कमी, की असलेल्या प्रत्येक मैदानावर सगळ्या गावाचा हक्क असतो, आणि तो असायलाही हवा. एकाच जमिनीवर सकाळी क्रिकेटचं कोचिंग, दुपारी शाळेची कवायत, संध्याकाळी आजी-आजोबांच्या फेऱ्या, रात्री लग्नाचं रिसेप्शन. प्रत्येक जण काही ना काही मागे ठेवून जातो. वर्षभर फिरलं की गवतात काय सापडेल हे महिन्यावरून सांगता येतं.

जानेवारीत मांजा. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी संक्रांतीनंतर तो झाडांवर असतो तसा गवतातही असतो, आणि गवतात तो दिसत नाही. ब्लेड ज्या दांड्यावर फिरतं त्या स्पिंडलला तो गुंडाळला जातो, उष्णतेने वितळून सीलमध्ये घुसतो, ग्रीस बाहेर येतं, आणि काही दिवसांनी बेअरिंग खडखडायला लागतं. होळीनंतर राखेची जागा नीट चाळावी लागते. होळीत मोडक्या खुर्च्या, पलंगाचे पाय, फळ्या जळतात. लाकूड जातं आणि खिळे तसेच राहतात, काळे पडलेले, मातीत मिसळलेले. एप्रिल-मे क्रिकेटचा. तेव्हा फुटक्या बाटल्यांची काच आणि मोडलेल्या स्टंपांची लोखंडी टोकं मिळतात. पावसात मातीच धुऊन जाते आणि आधी पुरलेले दगड डोकं वर काढतात; शिवाय नारळाच्या झावळ्या, गुलमोहराच्या मोडलेल्या फांद्या. गणपती आणि नवरात्रानंतर बांबूच्या पाचरी, काथ्या, मंडपवाल्यांची बांधायची तार.

आणि दिवाळीनंतर फुलबाजीची तार. मला सगळ्यात जास्त भीती हिची वाटते. साधारण वीतभर लांब. जळून गेलेल्या बाजूला खरखरीत राखाडी थर, मुठीकडची बाजू आठवड्याभरात गंजून तांबूस झालेली. नोव्हेंबरात हरळीच्या धावत्या काड्या सुकायला लागतात, त्यांचाही रंग तोच. वाकून, जवळून बघितलं तरी काडी कुठली आणि तार कुठली हे चटकन कळत नाही. हात फिरवला की कळतं, काडी वाकते आणि तार वाकत नाही. मुलं ती मजेत पेटवतात आणि संपली की तिथेच टाकतात. ही एक तार डेकखाली गेली तर गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडातून बाहेर बाणासारखी नाही, त्याहून जोरात सुटते, आणि ती कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसतं. म्हणून दिवाळीनंतरच्या फेरीला आम्ही दोरीला बांधलेली लोहचुंबकाची पट्टी गवतावरून ओढत नेतो. खिळे, तारा, टाचण्या तिला चिकटून येतात. मैदानाचा एक पट्टा संपतो तोवर ती पट्टी केसाळ झालेली असते.

फिरताना फक्त कचरा बघायचा नसतो. उंदीर-घुशींची बिळं, खचलेली जागा, झाडांची वर आलेली मुळं, पाण्याच्या पाइपची तोंडं, स्प्रिंकलरची डोकी, गटाराच्या झाकणाची कड, हे सगळं पायाला कळतं. सापडलं की तिथे बांबूला लाल कपडा बांधून उभा करायचा. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत आणखी एक गोष्ट बघायची: टिटवीची अंडी. टिटवी घरटं बांधत नाही म्हटलं तरी चालेल. उघड्या जमिनीवर चार खडे मांडून मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी घालते, बहुतेक वेळा चारच. ती दिसणं जवळपास अशक्य, पण पक्षी स्वतःच सांगतो. माणूस जवळ गेला की जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडून आकाश डोक्यावर घेते. ओरडणं वाढेल त्या दिशेने अंडी. तिथेही लाल कपडा, आणि आजूबाजूचा ऐसपैस गोल न कापता सोडून द्यायचा. तो गोल बघून मैदान अर्धवट कापलंय अशी तक्रार येते. मी समजावून सांगते, आणि सगळ्यांना ते पटतंच.

आता सीटखालच्या स्विचबद्दल, कारण त्याविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. बसायच्या मशीनच्या सीटखाली एक लहानसा स्विच असतो. ब्लेड चालू असताना माणूस सीटवरून उठला तर हा स्विच इंजिन बंद पाडतो. बस, एवढंच त्याचं काम. माणूस पडला, उडाला, चक्कर येऊन कोसळला तर फिरतं ब्लेड त्याच्यावर चालून जाऊ नये यासाठी तो आहे. आणि जिथे जिथे मी ही मशीन बघायला गेले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हा स्विच ‘डायरेक्ट’ केलेला होता. म्हणजे मेकॅनिकने दोन वायरी काढून एकत्र पिळल्या, वर टेप गुंडाळली, काम झालं. का, तर चालवणाऱ्याला दर दोन मिनिटांनी खाली उतरून गवतातली बाटली, फांदी, चेंडू उचलावा लागतो, दर वेळी मशीन बंद पडते, पुन्हा चालू करावी लागते, वेळ जातो.

हे कारण नीट ऐकलं तर दोष कुठे आहे ते कळतं. चालवणारा सारखा उतरतो कारण मैदान आधी फिरलेलं नसतं. फेरीचा अर्धा तास वाचवला म्हणून स्विच त्रास देतो, स्विच त्रास देतो म्हणून तो काढून टाकला जातो, आणि मग माणूस फिरत्या ब्लेडच्या शेजारी उतरून हात खाली घालतो. काही मशीनमध्ये ब्लेड चालू ठेवून रिव्हर्स टाकला की इंजिन बंद पडायची सोय असते. तीही अशीच गायब केलेली आढळते. मागे काय आहे ते बघितल्याशिवाय ब्लेडसकट मागे येणं हा या मशीनवरचा सगळ्यात घातक प्रकार आहे, विशेषतः जिथे मुलं असतात. मशीन सर्व्हिसिंगहून परत आली की पहिलं काम: मोकळ्या जागेत, ब्लेड चालू करून, सीटवरून किंचित उठून बघायचं. इंजिन बंद पडायलाच हवं. पडलं नाही तर सही करायची नाही आणि मशीन ताब्यात घ्यायची नाही. कंत्राटदार कितीही म्हणाला की उद्या मुलगा पाठवतो, तरी नाही.

मुलांचं बोलायचं तर त्यांना या मशीनची ओढ असते आणि त्यात त्यांची काही चूक नाही. लहानसा ट्रॅक्टर, त्यावर ओळखीचे काका. धावत येतात आणि म्हणतात, एक राउंड द्या ना. आईवडीलही कौतुकाने सांगतात, द्या हो एक फेरी, फोटो काढतो. मांडीवर मूल घेऊन ही मशीन कधीही चालवायची नाही. मूल घसरलं तर ते थेट डेकच्या बाजूला जातं. शिवाय एकदा फेरी मिळालेलं मूल दुसऱ्या दिवशी आवाज ऐकला की मशीनकडे धावत सुटतं, चालवणाऱ्याला न दिसेल अशा बाजूने. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बसायची मशीन चालवायला किमान सोळा वर्षं वय सांगितलंय. आमच्याकडे मशीन चालू असताना मैदानाच्या त्या भागात कुणीच नाही, असा नियम आहे, आणि एक माणूस कडेला फक्त तेवढंच बघायला उभा असतो. तो चालवणाऱ्याला दिसेल अशा जागी असतो. हाक मारून उपयोग नाही, कारण कानाला मफ असतात. इंजिनाचा आवाज ८५ डेसिबलच्या वर जातो आणि रोज तासन्‌तास ऐकला तर कान कायमचे जातात. म्हणून खुणा ठरलेल्या: एक हात वर म्हणजे थांब, दोन्ही हात वर म्हणजे इंजिन बंद.

कापण्याची गोष्ट त्यामानाने साधी आहे, फक्त घाई करायची नाही. आपल्या मैदानांवरचं मुख्य गवत हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वाच. ती बुडातून वाढते, शेंड्यातून नाही. म्हणून शेंडा कापला तरी मरत नाही, उलट जमिनीलगत पसरते आणि दाट होते. पण पानं तिचं अन्न करतात. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पान काढलं तर मुळं उपाशी राहतात, खालच्या तपकिरी काड्या उघड्या पडतात आणि हिरवं मैदान एका दुपारीत टकलं होतं. दोन इंच ठेवायचं असेल तर तीन इंच झालं की कापायचं. पावसाने उघडीपच दिली नाही आणि गवत गुडघ्याला आलं, तर पहिल्या दिवशी डेक सगळ्यात वर ठेवून नुसते शेंडे घ्यायचे, तीन-चार दिवस थांबायचं, मग खाली यायचं.

धार बघायची तर कापून झाल्यावर खाली बसून एक पान बोटांत धरावं. धारदार ब्लेडने तोडलेल्या पानाचं टोक सरळ असतं. बोथट ब्लेडने ओरबाडलेल्या टोकाला पांढुरके धागे लोंबत असतात, आणि दोन दिवसांत ते टोक वाळून जातं. लांबून सगळं मैदान पिवळसर दिसतं, आणि लोक म्हणतात खत कमी पडलं. खत नाही, धार कमी पडलेली असते. ब्लेड काढायचं तर आधी इंजिन बंद, चावी खिशात, प्लगची वायर काढून बाजूला, हातात जाड हातमोजे. धार लावली की ब्लेडच्या मधल्या भोकात खिळा घालून ते भिंतीला टांगून बघायचं. एक बाजू खाली झुकली तर तिकडून अजून घासायचं. झुकतं ब्लेड मशीनला हादरे देतं आणि स्पिंडल खाऊन टाकतं.

रेस पूर्ण ठेवायची, चाल मंद ठेवायची. लोक उलट करतात: पेट्रोल वाचावं म्हणून रेस कमी आणि काम आटपावं म्हणून चाल जोरात. मग ब्लेड गवत न तोडता लोळवतं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर चार बोटं चढवायचा. गवत बाहेर फेकणारं तोंड आधी कापलेल्या भागाकडे असू द्यायचं. रस्ता, भिंत, गाड्या आणि माणसं यांच्याकडे कधीच नाही. तोंडावरची झडप उचलून बांधून ठेवायची नाही. आणि दर खेपेला दिशा बदलायची, या वेळी उभी तर पुढच्या वेळी आडवी. एकाच रेषेने सारखी चाकं गेली की मुंबईच्या मऊ पावसाळी मातीत चाकोऱ्या पडतात आणि त्यात पाणी साचतं.

पाऊस हीच इथली खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरात दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. महालक्ष्मीला त्या काळात शर्यती नसतात, हंगाम पुण्याला जातो, आणि धावपट्टीच्या हिरवळीला विश्रांती मिळते. क्रिकेटवाल्यांनी मात्र १९४८ पासून पावसाळ्यातच कांगा लीग खेळायची ठरवलीय. तिथे आउटफिल्डचं गवत इतकं वाढतं की जमिनीलगतचा फटका मध्येच अडकतो; धावा हव्या तर चेंडू उचलून मारावा लागतो. मला ते फार आवडतं. गवत जसं आहे तसं मान्य करून खेळणारी माणसं आहेत ती.

मशीनवाल्यानेही पावसाळ्यात तेवढीच समजूत दाखवायला हवी. ओलं गवत कापायचं नाही. चाकं घसरतात, मातीत रुततात, आणि ओलं गवत डेकखाली गोळा होऊन तोंड तुंबतं. तोंड तुंबलं की चालवणारा उतरतो आणि हात घालतो. बोटं जातात ती इथे. ब्लेडचं बटण बंद केल्यावरही ब्लेड काही सेकंद फिरत राहतं, आणि इंजिनाच्या आवाजात ते कळत नाही. तुंबलं तर इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, सगळं थांबल्याची खात्री, आणि मगच लाकडी काठीने गवत काढायचं, हाताने नाही. म्हणून आम्ही उघडीप बघतो. रात्री पाऊस थांबला असेल आणि वारा असेल तर अकरा-बारापर्यंत पानं सुकतात. हाताचा पंजा गवतावर दाबायचा, तळवा ओला झाला नाही तर मशीन काढायची. आठ दिवस उघडीप मिळाली नाही तर आठ दिवस गवत वाढू द्यायचं. कार्यालयातून फोन येतात, पाहुणे येणार आहेत म्हणून. तरी वाढू द्यायचं. आणि या दिवसांत पायांत गमबूट हवेतच. साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू शिरतो, आणि अनवाणी काम करणाऱ्या माळ्यांना त्याचा धोका सगळ्यात आधी.

आमच्या आवारात एका बाजूला उतार आहे, तळ्याकडे जाणारा. बसायची मशीन उतारावर वर-खाली चालवायची, आडवी नाही. आडवी चालवली की कलंडते. ढकलायच्या मशीनचं नेमकं उलट, ती आडवी न्यायची, म्हणजे घसरलो तरी ती अंगावर येत नाही किंवा पाय तिच्याखाली जात नाही. पंधरा अंशांहून जास्त चढ असेल, म्हणजे एका मीटरला पाव मीटरहून थोडा जास्त, तर तिथे बसायची मशीन न्यायचीच नाही. दोन दांड्यांनी जागच्या जागी फिरणारी झिरो-टर्न मशीन उतारावर आणखी बेभरवशाची, कारण तिची पुढची चाकं मोकळी असतात आणि मागची घसरली की वळवायला हाताशी काही उरत नाही. तळ्याच्या काठालगतची पट्टी आम्ही आजही विळ्याने कापतो. तिथली माती पावसात पोकळ होते, आणि वरून ती कळत नाही.

मशीन चालू झाली की गायबगळे येतात. म्हशींच्या मागे चालतात तसे मशीनच्या मागे, मधलं अंतर अगदी ठरलेलं, उडालेले नाकतोडे टिपत. साळुंक्या येतात, हिवाळ्यात धोबी येतात, शेपटी हलवत. बगळे चाकांपासून बरोबर अंतर राखून असतात, त्यांची काळजी नसते. काळजी असते ती उंच गवतात झोपलेल्या कुत्र्यांची आणि पावसाळ्यात बेडकांच्या मागे आलेल्या धामणींची. दोन्ही सकाळच्या फेरीत काठीच्या आवाजाने उठून जातात. फेरीचा तो आणखी एक उपयोग.

पेट्रोल सकाळीच, इंजिन थंड असताना, शेडच्या बाहेर भरायचं. मेमध्ये दुपारी टाकी संपली तर मशीन सावलीत उभी करून थांबायचं, चहा घ्यायचा, हात लावून इंजिन निवलंय का बघायचं. कापलेलं गवत बारीक आणि कोरडं असेल तर मैदानावरच पसरू द्यायचं, आठवड्यात मातीत मिसळतं आणि तेच खत होतं. जास्त असेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात. गोठेवाले मागायला येतात, त्यांना मी विळ्याने कापलेलं देते, मशीनचं नाही; त्यात काचेचा कण किंवा तारेचा तुकडा नसेलच असं कुणी सांगावं.

आता दिवाळी तोंडावर आहे, आणि दिवाळीनंतर लग्नांचे मंडप. आमच्या आवाराचं मैदान कार्यक्रमांना भाड्याने दिलं जातं, आणि भाड्याच्या करारात आता एक अट आहे: मंडप उतरवल्यावर मंडपवाल्याने आमच्या माणसासोबत सगळ्या मैदानावरून चुंबकाची पट्टी ओढायची, आणि दुसऱ्या फेरीत पट्टीला एकही खिळा लागला नाही तरच अनामत परत मिळायची. सुरुवातीला मंडपवाल्यांनी कुरकुर केली. आता त्यांची पोरं स्वतःच गोण घेऊन येतात, कारण गोळा झालेले खिळे सरळ करून त्यांना पुढच्या मंडपाला वापरता येतात. ज्यांचं मैदान भाड्याने जातं आणि ज्यांच्याकडे बसायची मशीन आहे, त्यांनी ही अट आपल्या करारात घालून घ्यावी. चुंबकाची पट्टी फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या कुणाकडूनही करून मिळते, फक्त ती मैदानावरून ओढायला माणसाच्या उंचीची मजबूत दोरी लावायला सांगा.